कुवेतला नोकरीला निघालाय? पगाराचा आकडा नंतर बघा, आधी व्हिसावरचं कलम बघा

व्हॉट्सॲपवर असले मेसेज तुम्हालाही आले असतील. "अर्जंट रिक्वायरमेंट, कुवेत. हेल्पर, ड्रायव्हर, इलेक्ट्रिशियन. पगार ९० दिनार, राहणं-जेवण फ्री, ओव्हरटाइम वेगळा. ओरिजिनल पासपोर्ट घेऊन भेटा." खाली एक मोबाइल नंबर आणि विमानाचं चित्र.

मेसेज वाचणारा पहिली गोष्ट काय करतो, तर गुगलवर 'एक दिनार म्हणजे किती रुपये' असं टाकतो. उत्तर बघून डोळे विस्फारतात. २०२५ मध्ये कुवेती दिनारचा भाव साधारण २८० ते २९५ रुपयांच्या दरम्यान होता. डॉलर, पौंड, युरो सगळे याच्या मागे. जगातलं सगळ्यात महाग चलन.

इथंच पहिली गडबड होते. चलन महाग आहे म्हणजे पगार मोठा आहे असं नाही. ९० दिनारचे रुपये होतात २६ हजारांच्या आसपास. एवढा पगार चाकण किंवा भिवंडीत चांगलं काम येणाऱ्या माणसालाही मिळू शकतो, आणि तिथून रविवारी घरी येता येतं. दुसरी गंमत म्हणजे कुवेतमध्ये एका दिनारचे १०० नाही तर १००० फिल्स होतात. त्यामुळे तिथल्या कागदांवर रक्कम दशांश चिन्हानंतर तीन शून्यं देऊन लिहितात. ऑफर लेटरवर '१२०.०००' दिसलं तर ते एक लाख वीस हजार नसतात, ते एकशे वीस असतात. हसू नका, घाईत वाचताना ही चूक सहज होते.

तर विषय असा आहे की कुवेतला जाणं वाईट नाही. तिथं कमावून गावात घर बांधलेली, पोरांना इंजिनियर केलेली हजारो कुटुंबं आहेत. पण या देशात तुमचं आयुष्य कसं जाईल हे पगाराच्या आकड्यापेक्षा तुमच्या व्हिसावर लिहिलेल्या कलमाच्या नंबरावर जास्त ठरतं. हा नंबर काय असतो ते पुढे बघू. आधी देश नेमका आहे तरी कसा ते समजून घेऊ.

अहिल्यानगर जिल्ह्याएवढा देश

कुवेतचं क्षेत्रफळ १७,८१८ चौरस किलोमीटर. आपला अहिल्यानगर जिल्हा १७ हजारांच्या थोडा वर आहे, म्हणजे जवळपास तेवढाच. एका बाजूला इराक, दुसऱ्या बाजूला सौदी अरेबिया, पूर्वेला समुद्र. नदी नाही. पिण्याचं पाणी समुद्राचं खारेपण काढून तयार होतं. २१ जुलै २०१६ ला इथल्या मित्रीबाह या ठिकाणी ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं गेलं. जागतिक हवामान संघटनेनं नंतर ते तपासून मान्यही केलं. जळगाव-अकोल्याच्या उन्हाळ्याचा अभिमान असणाऱ्यांनी हे एकदा लक्षात घ्यावं.

या वाळूखाली १९३८ मध्ये बुर्गान इथं तेल सापडलं. मध्ये दुसरं महायुद्ध आलं, त्यामुळे पहिलं तेल जहाजात भरून बाहेर गेलं ते १९४६ मध्ये. आज जगातल्या ज्ञात तेलसाठ्यांपैकी साधारण ६ ते ७ टक्के साठा या एवढ्याशा देशाकडे आहे, आणि सरकारच्या कमाईतला जवळपास ९० टक्के वाटा तेलाचा असतो. १९५३ मध्येच, म्हणजे स्वतंत्र होण्याच्याही आधी, त्यांनी तेलाचा पैसा परदेशात गुंतवण्यासाठी वेगळी संस्था काढली. देशाच्या पैशाची गुंतवणूक करणारा हा जगातला सगळ्यात जुना निधी मानला जातो.

तेल सापडण्याआधी कुवेत काय करत होतं? समुद्रातून मोती काढत होतं आणि ते विकायला मुंबईला येत होतं. कुवेती व्यापाऱ्यांच्या मुंबईत पेढ्या होत्या. त्यांची गलबतं बांधायला लागणारं लाकूड मलबारच्या किनाऱ्यावरून जायचं. व्यवहार चालायचा भारतीय रुपयात. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं आखाती देशांसाठी वेगळ्या नोटा छापल्या, त्यांना गल्फ रुपया म्हणायचे. १९६१ मध्ये कुवेतनं स्वतःचा दिनार आणला आणि रुपया बंद केला. म्हणजे ज्या दिनारचा भाव आपण आज गुगलवर बघतो, त्याच्या जागी ६०-६५ वर्षांपूर्वी आपलाच रुपया चालत होता.

कोकणाला हा रस्ता जुनाच आहे. खेड, दापोली, मंडणगड, श्रीवर्धन, म्हसळा या भागांत 'मुलगा गल्फला असतो' हे वाक्य पिढ्यानपिढ्या ऐकू येतं. गोव्याचंही तसंच. कुवेतमध्ये गोंयकारांची तियात्रं होतात, मराठी माणसांचं महाराष्ट्र मंडळ आहे. भारतीयांची एकूण संख्या सुमारे १० लाख. देशाची लोकसंख्या ५० लाखांच्या आसपास, म्हणजे दर पाच माणसांत एक भारतीय.

आणि १९९० विसरून चालणार नाही. २ ऑगस्टला सद्दाम हुसेनच्या इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या आणि बघता बघता देश ताब्यात गेला. तिथं अडकलेल्या सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना जॉर्डनमधल्या अम्मानमार्गे एअर इंडियाच्या जवळपास ५०० फेऱ्यांनी परत आणलं. अक्षय कुमारचा 'एअरलिफ्ट' त्यावरचाच. सिनेमात एक हिरो होता, प्रत्यक्षात बरेच होते, हा वेगळा विषय.

आता मुद्द्याचं: १८, २० आणि बाकीचे नंबर

कुवेतमध्ये परदेशी माणूस कफीलच्या जोरावर राहतो. कफील म्हणजे तुमची जबाबदारी घेणारा, बहुतेक वेळा तुमचा मालक किंवा कंपनी. तुमचा राहण्याचा परवाना, ज्याला सगळे इकामा म्हणतात, तो या कफीलशी बांधलेला असतो. आणि इकामा कोणत्या कलमाखाली दिलाय यावर तुम्हाला कोणता कायदा लागू होणार हे ठरतं.

कलम १८ म्हणजे खाजगी कंपनीतली नोकरी. तिथले आपले लोक याला 'शून व्हिसा' म्हणतात. कलम २० म्हणजे घरकाम: मोलकरीण, घरचा ड्रायव्हर, स्वयंपाकी, माळी. याचं बोलीतलं नाव 'खादिम व्हिसा'. कलम १७ सरकारी नोकरीचं, २२ कुटुंबाचं. बहुतेक मराठी तरुणांचा संबंध येतो तो १८ शी, आणि फसवणूक होते ती २० मध्ये.

कशी? एजंट सांगतो, सुपरमार्केटमध्ये काम आहे. किंवा सांगतो, 'आझाद व्हिसा' आहे, तिथं जाऊन पाहिजे तिथं काम कर. हातात पडतो तो कलम २० चा कागद. त्यावर अरबीत कुठल्या तरी कुवेती माणसाचं नाव असतं, ज्याच्या घरी तुम्ही ड्रायव्हर म्हणून आलेले असता. तो माणूस वर्षाला पैसे घेऊन इकामा चालू ठेवतो आणि तुम्ही बाहेर दुकानात काम करता. हे बेकायदा आहे. तपासणीत सापडलात तर रवानगी तुमची होते.

आझाद व्हिसा नावाची कुठलीही गोष्ट कुवेतच्या कायद्यात नाही. हे वाक्य स्क्रीनशॉट काढून ठेवलंत तरी चालेल.

घरकामगारांना कंपनी कामगारांचा कायदा लागूच होत नाही. त्यांच्यासाठी २०१५ चा वेगळा कायदा आहे. कागदावर तो बरा आहे: जास्तीत जास्त १२ तास काम, आठवड्याला एक सुट्टी, वर्षाला ३० दिवस पगारी रजा, पासपोर्ट मालकानं ठेवायचा नाही. किमान पगार ६० दिनार. पण घराच्या चार भिंतींत काय चाललंय हे तपासायला कोण जाणार? कंपनीत निदान शंभर साक्षीदार असतात.

२० वरून १८ वर जाता येतं का, हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. एरवी नाही. २०२४ मध्ये जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत दोन महिन्यांसाठी सरकारनं ही खिडकी उघडली होती, मग बंद केली. अशी खिडकी पुन्हा उघडेल या आशेवर व्हिसा घेऊ नका.

१८ मध्येसुद्धा पोटप्रकार आहेत. सरकारी खात्याच्या कंत्राटावर माणसं पुरवणाऱ्या कंपनीचा व्हिसा असेल, म्हणजे सफाई, सिक्युरिटी वगैरे, तर तिथून दुसऱ्या कंपनीत जाणं खूप अवघड असतं. साध्या खाजगी कंपनीतून मालकाच्या मर्जीशिवाय बदली करायची तर साधारण तीन वर्षं थांबावं लागतं. त्यामुळे 'आधी कसंही जाऊ, मग चांगली नोकरी बघू' हा पुण्या-मुंबईत चालणारा हिशोब तिथं चालत नाही.

परत यायलाही परवानगी

१ जुलै २०२५ पासून कुवेतनं नवा नियम आणला. कलम १८ वर काम करणाऱ्या प्रत्येकाला देशाबाहेर जाण्याआधी मालकाची मंजुरी, म्हणजे एक्झिट परमिट, घ्यावं लागतं. अर्ज ऑनलाइन होतो, सरकारी ॲपवरून. तुम्ही जाण्या-येण्याच्या तारखा टाकायच्या, कंपनीनं मान्य करायचं.

सरकारचं म्हणणं असं की लोक कर्ज बुडवून, केस चालू असताना किंवा कंपनीला न सांगता निघून जातात, त्याला आळा बसेल. यात तथ्य नाही असं नाही. पण दुसरी बाजू बघा. बाजूच्या कतारनं फुटबॉल वर्ल्ड कपच्या आधी जगभरातून टीका झाल्यावर बहुतेक कामगारांसाठी एक्झिट परमिट काढून टाकलं. कुवेत उलट्या दिशेनं गेलं. चांगल्या कंपनीत हे दोन मिनिटांचं काम आहे. पण दोन महिन्यांचा पगार थकवलेल्या मालकाकडे, घरी आई आजारी आहे म्हणून परवानगी मागायची वेळ आली, तर ती दोन मिनिटं किती लांबतील हे सांगता येत नाही. मालकानं विनाकारण अडवलं तर मनुष्यबळ प्राधिकरणाकडे तक्रार करता येते. तक्रार करायला वेळ लागतो आणि विमान थांबत नसतं.

हे सगळं घट्ट का होतंय? कारण कुवेतमध्ये स्वतःचे नागरिक अल्पसंख्य आहेत. लोकसंख्येच्या साधारण ७० टक्के लोक बाहेरचे. कुवेती माणूस शक्यतो सरकारी नोकरी करतो, खाजगी क्षेत्र परदेशी हातांवर चालतं. २०२० मध्ये कोविड आणि पडलेल्या तेलभावांच्या काळात तेव्हाचे पंतप्रधान शेख सबाह अल-खालिद म्हणाले होते की परदेशी लोकांचं प्रमाण ७० वरून ३० टक्क्यांवर यायला हवं. त्याच वर्षी संसदेत एक मसुदा आला, ज्यात भारतीयांसाठी १५ टक्क्यांची मर्यादा होती. तो कायदा झाला नाही. झाला असता तर काही लाख भारतीयांना परतावं लागलं असतं. प्रमाण काही ३० वर आलेलं नाही, येण्याची चिन्हंही नाहीत, पण तेव्हापासून सरकारचा कल स्पष्ट आहे: माणसं हवीत, पण मोजून आणि नोंदवून.

मे २०२४ मध्ये अमीर शेख मिशाल यांनी संसद बरखास्त केली आणि राज्यघटनेतली काही कलमं चार वर्षांपर्यंत स्थगित केली. आखातात सरकारला खरोखर जाब विचारणारी निवडून आलेली संसद म्हणून कुवेतचं नाव होतं, ते सध्या थांबलंय. परिणाम असा की नियम आता थेट फर्मानानं येतात, झटपट येतात. जानेवारी २०२५ पासून परदेशी लोकांच्या वास्तव्याचा नवा कायदा लागू झाला. त्यात पैसे घेऊन व्हिसा विकणाऱ्याला तुरुंग आणि हजारो दिनारांचा दंड आहे. हे चांगलंच झालं. पण व्हिसा विकत घेऊन आलेल्याला कायदा बळी म्हणून कुरवाळत बसत नाही, हेही माहीत असू द्या.

मंगफ

१२ जून २०२४ ची पहाट. कुवेत शहराच्या दक्षिणेला मंगफ नावाचा भाग आहे. तिथल्या एका इमारतीत एकाच कंपनीचे जवळपास २०० कामगार राहत होते, बहुतेक भारतीय. तळमजल्यावर विजेच्या बिघाडामुळे आग लागली. खोल्यांमध्ये पार्टिशन टाकून जागा वाढवली होती आणि ती पार्टिशनं पेटणाऱ्या साहित्याची होती. धूर जिन्यातून वर चढला. बरेच लोक झोपेतच गुदमरले. एकूण ५० जण गेले, त्यातले ४५ भारतीय. सगळ्यात जास्त केरळचे. महाराष्ट्रातलाही एक होता. १४ जूनला हवाई दलाच्या विमानातून ४५ शवपेट्या कोचीला उतरल्या.

'राहणं फ्री' या दोन शब्दांकडे मंगफनंतर वेगळ्या नजरेनं बघायला हवं. राहणं फ्री म्हणजे कुठं? एका खोलीत किती जण? इमारतीला दुसरा जिना आहे का, गच्चीचं दार उघडं असतं का? इंटरव्ह्यूत असे प्रश्न विचारायला संकोच वाटतो, मान्य. मग आधीपासून त्या कंपनीत असलेल्या एखाद्या माणसाला शोधा आणि त्याला खोलीचा व्हिडिओ करून पाठवायला सांगा. फेसबुकवर कुवेतमधल्या भारतीयांचे ढीगभर ग्रुप आहेत, एवढं काम होऊन जातं.

स्वतः खोली बघायची असेल तर भारतीय बहुतेक जलीब (याच्याच एका भागाला आपले लोक अब्बासिया म्हणतात), फरवानिया, सालमिया, महबूला, फहाहील या भागांत राहतात. रिफायनऱ्यांमध्ये काम असेल तर फहाहील-मंगफ पट्टा जवळ पडतो. एक शब्द तिथं सतत कानावर येईल, 'बॅचलर'. लग्न झालेलं असो वा नसो, कुटुंबाशिवाय राहणारा पुरुष म्हणजे बॅचलर, आणि कुटुंबांसाठी राखलेल्या वस्त्यांत त्याला घर मिळत नाही. बायको-मुलांना न्यायचं तर २०२४ च्या नियमानुसार पगार किमान ८०० दिनार लागतो. ९० दिनारवाल्यानं हा विषय सोडून द्यायचा.

हिशोब मांडून बघू

खाजगी क्षेत्रातलं किमान वेतन ७५ दिनार आहे. कुवेतमध्ये पगारावर इन्कम टॅक्स नाही, हे खरं आणि मोठं आकर्षण. समजा, तुम्हाला ९० दिनार मिळतात, राहणं कंपनीचं, आणि जेवण, मोबाइल, इकडंतिकडं जाऊन महिन्याला ५० दिनार वाचतात. म्हणजे साधारण १४,३०० रुपये. आता समजा, एजंटला दीड लाख दिलेत आणि ते गावातल्या सावकाराकडून महिना ३ टक्क्यांनी उचललेत. दर महिन्याचे सगळे १४,३०० कर्जातच भरले तरी ते फिटायला १३ महिने लागतात. करार दोन वर्षांचा. म्हणजे अर्ध्याहून जास्त काळ तुम्ही एजंट आणि सावकारासाठी राबलात. त्यात घरी एक पैसा पाठवलेला नाही.

आणि हा दीड लाख देण्याची गरजच नसते. भारताच्या नियमांनुसार नोंदणीकृत एजंट उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेऊ शकतो, तेही पावती देऊन. एजंट नोंदणीकृत आहे का, त्याचा परवाना चालू आहे की निलंबित, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' पोर्टलवर दिसतं. नाव टाका, बघा. 'आमचं लायसन्स दिल्लीच्या पार्टनरच्या नावावर आहे' असं उत्तर आलं तर पासपोर्ट खिशात घालून उठा.

दहावी पास नसाल तर तुमच्या पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का असतो. कुवेत हा अशा पासपोर्टसाठी परवानगी लागणाऱ्या देशांपैकी एक आहे, त्यामुळे जाण्याआधी ई-मायग्रेटवरून मंजुरी घ्यावीच लागते. ही कटकट वाटते, पण त्या निमित्तानं तुमचा करार सरकारकडे नोंदवला जातो. सोबत प्रवासी भारतीय विमा योजना येते: दोन वर्षांसाठी पावणेतीनशे रुपयांच्या आसपास हप्ता, अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाखांचं संरक्षण. टूरिस्ट व्हिसावर पाठवतो, तिथं बदलून घेऊ, असं म्हणणारा एजंट हे सगळं कवच काढून घेत असतो.

शिकलेल्यांचेही घोळ आहेत. इंजिनियरांसाठी तर खास. २०१८ पासून कुवेतमध्ये 'इंजिनियर' हा हुद्दा इकाम्यावर हवा असेल तर तिथल्या इंजिनियर संघटनेची मान्यता लागते, आणि ती संघटना भारतातल्या एनबीए मानांकन असलेल्या कोर्सच्याच डिग्र्या धरते. तेही तुम्ही शिकत होता त्या काळात मानांकन असायला हवं. महाराष्ट्रातल्या किती खाजगी इंजिनियरिंग कॉलेजांना ते होतं, हे तुम्हीच आठवून बघा. हा नियम आला तेव्हा वर्षानुवर्षं काम करणाऱ्या हजारो भारतीय इंजिनियरांची झोप उडाली होती. ऑफर स्वीकारण्याआधी आपल्या ब्रँचचं त्या वर्षीचं मानांकन तपासा.

मेडिकलचंही तसंच. भारतात ठरलेल्या सेंटरवर तपासणी होते, कुवेतला उतरल्यावर पुन्हा होते. टीबी, एचआयव्ही, हिपॅटायटिस यांपैकी काही निघालं तर परत पाठवतात. त्यामुळे मेडिकल व्हायच्या आधी एजंटच्या हातात मोठी रक्कम देणं म्हणजे पाण्यात टाकणं.

कामावरचे हक्क, जे कुणी सांगत नाही

कलम १८ वाल्यांना २०१० चा कामगार कायदा लागू होतो आणि तो तसा धड आहे. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. ओव्हरटाइमला सव्वापट, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी काम केलं तर दीडपट, सणाच्या सुट्टीला दुप्पट. वर्षाला ३० दिवस पगारी रजा. १ जूनपासून ३१ ऑगस्टपर्यंत सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळेत उघड्यावर काम करून घ्यायला बंदी. पगार बँकेत जमा व्हायला हवा. रोखीत देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा, कारण पगार थकल्यावर बँकेचं स्टेटमेंट हाच तुमचा पुरावा.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे नोकरी सुटताना मिळणारी इंडेम्निटी, आपल्या ग्रॅच्युइटीसारखी. पहिली पाच वर्षं दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार, पुढे दर वर्षामागे एक महिन्याचा. २०० दिनार पगार आणि सात वर्षं नोकरी धरली तर साधारण ९७५ दिनार, म्हणजे पावणेतीन लाखांच्या पुढे. पण ही पूर्ण रक्कम कंपनीनं काढलं तर मिळते. स्वतःहून राजीनामा दिलात तर तीन वर्षांच्या आत काहीच नाही, तीन ते पाच वर्षांत अर्धी, पाच ते दहात दोन तृतीयांश, दहानंतर पूर्ण. म्हणून राजीनाम्याची तारीख रागाच्या भरात ठरवू नका. चार वर्षं अकरा महिन्यांनी सोडणारा आणि पाच वर्षं एक महिन्यानं सोडणारा यांच्यात चांगला फरक पडतो. आणि हिशोब सरकारदरबारी नोंदलेल्या पगारावर होतो. तोंडी २०० आणि नोंद १०० ची, असं असेल तर काय होईल ते उघड आहे.

बाकी राहणीमान

मुंबईहून विमानानं चार तास. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागं. सुट्टी शुक्रवार-शनिवार, रविवारी ऑफिस. भाजी, मसाले, डाळी सगळं मिळतं. हिंदी येत असेल तर अर्ध्या बाजारात अडचण येत नाही. सणवार घरात किंवा मंडळाच्या हॉलमध्ये होतात. सार्वजनिक मंदिर नाही, चर्च आहेत. रमजानमध्ये दिवसा चारचौघांत खाणं-पिणं गुन्हा आहे, मग तुम्ही कुठल्याही धर्माचे असा. पाण्याची बाटली तोंडाला लावतानाही आडोसा बघावा लागतो.

दारू पूर्ण बंद. पंचतारांकित हॉटेलातही नाही. मग चोरून हातभट्टी चालते. ऑगस्ट २०२५ मध्ये मिथेनॉल मिसळलेल्या दारूनं २३ जण दगावले आणि दीडशेहून जास्त लोक हॉस्पिटलात गेले, त्यात भारतीयही होते.

गाडी चालवण्याचं स्वप्न असेल तर थांबा. परदेशी माणसाला लायसन्स काढायचं तर सर्वसाधारणपणे ६०० दिनार पगार, डिग्री आणि दोन वर्षांचं वास्तव्य लागतं. ड्रायव्हरच्याच नोकरीवर आलेल्यांसाठी वेगळी तरतूद आहे. एप्रिल २०२५ पासून वाहतुकीचे दंड भरमसाट वाढलेत. गाडी चालवताना हातात मोबाइल दिसला तर ७५ दिनार. किमान वेतन किती होतं? ७५ दिनार.

मोबाइलवरून आठवलं, रील करणाऱ्यांनी नीट ऐका. अनोळखी माणसांचं, विशेषतः बायकांचं, परवानगीशिवाय शूटिंग केलं की केस होऊ शकते. रिफायनरी आणि लष्करी जागांजवळ कॅमेरा काढायचाच नाही. अमीर, धर्म, तिथलं राजकारण यावर पोस्ट टाकायची नाही. मोर्चा तर विसराच. जून २०२२ मध्ये फहाहील भागात काही परदेशी लोकांनी निदर्शनं केली, विषय भारतातल्या एका वक्तव्याचा होता, कुवेतचा नव्हता. तरी सहभागी झालेल्यांना पकडून मायदेशी पाठवण्याचे आदेश निघाले. अशी पाठवणी झाली की बोटांचे ठसे नोंदलेले असतात, त्यामुळे नवा पासपोर्ट काढून परत जाता येत नाही.

अडकलातच तर

पासपोर्ट मालकाकडे द्यायचा नाही, कायदा तुमच्या बाजूनं आहे. तरी काढून घेतला तर निदान त्याची, व्हिसाची आणि कराराची फोटोकॉपी घरी आणि ईमेलमध्ये ठेवा. पगार थकला तर तक्रार मनुष्यबळ प्राधिकरणाकडे करायची. भारतीय दूतावासात कामगारांसाठी वेगळं मदत केंद्र आहे, तिथं कायदेशीर सल्ला मिळतो. गावाकडून घरच्यांना परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवता येते.

एक गोष्ट मात्र करायची नाही: काम सोडून मित्राच्या खोलीवर निघून जायचं नाही. मालक 'पळून गेला' अशी तक्रार टाकतो, मग इकामा अडकतो, आणि पगाराची तक्रार करणारा माणूस स्वतःच आरोपी होतो. तक्रार आधी नोंदवा, त्याचा नंबर घ्या, मग जागा सोडा.

आणि एजंटनं व्हिसाची कॉपी व्हॉट्सॲपवर पाठवली असेल, तर ती आत्ता उघडा. कागद अरबीत असेल, मोबाइलचा कॅमेरा धरून भाषांतर होतं. तीन गोष्टी शोधा: कलमाचा नंबर, कफील म्हणून कंपनीचं नाव आहे की माणसाचं, आणि हुद्दा. तुम्हाला सांगितलेलं काम वेल्डरचं असेल आणि कागदावर एखाद्या माणसाच्या नावापुढे 'घरकामगार' लिहिलं असेल, तर पैसे द्यायचे बाकी असतील तोवरच हा प्रश्न सुटण्यासारखा आहे.